विद्यार्थ्यांचा कौल आणि प्राध्यापकांची भाकरी

(महाविद्यालयीन विद्यार्थी व अध्यापक यांच्या संयुक्त सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या सभेत विद्यार्थी आणि अध्यापक दोघेही बसलेले आहेत, त्यामुळे बोलणाऱ्याची थोडी पंचाईत होते. एका बाजूस रुचेल असे बोलावे तर दुसरी बाजू नाराज व्हावयाची. तेव्हा आरंभीच सांगून टाकतो की, मी जे मांडणार आहे ते दोघांनाही पूर्णपणे मानवेल अशी माझी अपेक्षा नाही. विषय मुख्यतः अमेरिकेतील आहे. तिकडचा महाविद्यालयीन विद्यार्थी सत्र सुरू होण्यापूर्वी, आधीच्या विद्यार्थ्यांनी इंटरनेटवर लिहून ठेवलेले अभिप्राय वाचतो, प्राध्यापकाच्या नावापुढील आकडा पाहतो, आणि त्यावरून कोणाच्या वर्गात नाव नोंदवावयाचे ते ठरवितो. या प्रथेत विद्यार्थ्याचा हक्क किती, व्यापार किती आणि तिची किंमत कोण मोजतो, हा आजचा प्रश्न आहे.

आपल्याकडील विद्यार्थ्यांना प्रथम एक गोष्ट समजावून सांगितली पाहिजे. आपल्याकडे वेळापत्रक महाविद्यालय ठरविते आणि वाट्याला येईल तो प्राध्यापक आपला. अमेरिकन विद्यापीठात एकच विषय, समजा पहिल्या वर्षाचे गणित, एकाच सत्रात पाचसहा प्राध्यापक वेगवेगळ्या वेळी शिकवीत असतात. नोंदणीचा दिवस उजाडला की त्यातील एक वर्ग निवडावयाचा असतो, आणि चांगल्या म्हणून गाजलेल्या प्राध्यापकाच्या जागा तासाभरात भरून जातात. विद्यापीठाच्या पुस्तिकेत विषयाचे वर्णन चार ओळींत दिलेले असते. शिकविणारा माणूस कसा आहे याविषयी अवाक्षर नसते. ही पोकळी १९९९ साली कॅलिफोर्नियातील एका सॉफ्टवेअर अभियंत्याने हेरली. त्याने काढलेले संकेतस्थळ पुढे ‘रेट माय प्रोफेसर्स’ या नावाने प्रसिद्धीस आले. आज त्यावर दीड कोटीहून अधिक अभिप्राय आहेत असा त्या संकेतस्थळाचा दावा आहे. एक ते पाच असे गुण, विषय कितपत अवघड गेला याचा वेगळा आकडा, आणि खाली दोनचार वाक्ये, असे त्याचे स्वरूप. लिहिणाऱ्याचे नाव नाही. तो त्या वर्गात खरोखर बसला होता काय, याची खातरजमा नाही. आणि २०१८ सालापर्यंत प्राध्यापकाच्या नावापुढे एक लाल मिरची काढण्याचीही सोय होती. ती मिरची त्याच्या अध्यापनासाठी नव्हती, तर तो किंवा ती दिसावयास कशी आहे यासाठी होती. अध्यापिकांनी जाहीरपणे निषेध केला तेव्हा कोठे ती पुसली गेली.

हे ऐकून येथील अध्यापक बंधूंना हसू आले असेल, आणि ‘पाहा, विद्यार्थ्यांच्या हाती निकाल दिला की असे होते’ असेही मनात आले असेल. मी मात्र त्या विद्यार्थ्याला हसणार नाही. त्याची स्थिती काय आहे ती पाहा. अमेरिकेतील शैक्षणिक कर्जाची एकूण रक्कम दीड लाख कोटी डॉलरांच्या वर गेलेली आहे. हजारो डॉलर एका सत्राला मोजावयाचे, पुष्कळांनी त्यासाठी दुकानांतून वा उपाहारगृहांतून नोकरी करावयाची, आणि शिष्यवृत्ती टिकविण्यासाठी गुणांची ठराविक सरासरी राखावयाची. एखाद्या वर्गात नापास होणे म्हणजे ते पैसे बुडणे, वरती आणखी एक सत्र, आणखी कर्ज. पुण्यानागपुराहून तिकडे एम. एस. साठी जाणाऱ्या आपल्या मुलामुलींची गोष्ट तर अधिकच नाजूक. व्हिसाच्या अटीप्रमाणे त्यांना पूर्णवेळ अभ्यासक्रम चालू ठेवावाच लागतो, आणि घर तारण टाकून काढलेले कर्ज मागे उभे असते. अशा माणसाने अंधारात उडी मारावी आणि पुढे कोण उभा आहे हे विचारूही नये, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणणार?

शिवाय हेही लक्षात घ्यावे की, प्राध्यापकांविषयीची गुप्त माहिती पूर्वीही होतीच. ती फक्त काही जणांपाशी होती. ज्याचा थोरला भाऊ त्याच विद्यापीठात शिकून गेला, ज्याला धनिकांच्या विद्यार्थिमंडळात प्रवेश मिळाला आणि तेथील कपाटातील जुन्या प्रश्नपत्रिका पाहावयास मिळाल्या, त्याला कोणता प्राध्यापक कसा आहे हे ठाऊक असे. घराण्यात प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढणाऱ्या मुलीला ते सांगणारे कोणी नव्हते. आज तिला निदान निनावी का होईना, पण चार ओळी वाचावयास मिळतात. ‘हे गृहस्थ ठरल्या वेळी कधीच भेटत नाहीत’ हे वाक्य तिच्या दृष्टीने पुस्तिकेतील चार ओळींपेक्षा अधिक मोलाचे आहे.

विद्यार्थ्यांनी शिक्षकाची परीक्षा करणे ही गोष्ट नवी तर मुळीच नाही. मध्ययुगीन बोलोन्या येथील विद्यापीठ म्हणजे मुळात विद्यार्थ्यांचाच संघ होता. शिक्षकांना शुल्क विद्यार्थी देत आणि नियमही तेच करीत. शिक्षक तासाला उशिरा आला तर दंड, अवघड भाग टाळून पुढे गेला तर दंड, विनापरवानगी एक दिवस गैरहजर राहिला तरी दंड. हार्वर्डच्या विद्यार्थी दैनिकाने १९२५ पासून अभ्यासक्रमांची ‘गोपनीय मार्गदर्शिका’ छापावयास सुरुवात केली. साठच्या दशकाच्या आरंभी बर्कली येथील ‘स्लेट’ या डाव्या विद्यार्थी संघटनेने विद्यापीठाच्या पुस्तिकेला पुरवणी म्हणून स्वतःची पुस्तिका काढली, आणि तीत प्राध्यापकांच्या अध्यापनाची नावानिशी चिकित्सा केली. १९६४ चे बर्कलीचे भाषणस्वातंत्र्य आंदोलन त्याच वातावरणातून उभे राहिले, हे विसरता कामा नये. ‘आम्ही येथे केवळ माल म्हणून आलेलो नाही, आम्हाला काय आणि कसे शिकविले जाते याविषयी बोलण्याचा आम्हाला अधिकार आहे’ अशी ती मागणी होती.

मग फरक कोठे पडला? माझ्या मते तो येथे पडला. बर्कलीची पुस्तिका काढणारे विद्यार्थी एकत्र बसत, आपल्या संघटनेच्या नावावर लिहीत, आणि लिहिलेल्याची जबाबदारी घेत. त्यांची टीका विद्यापीठाला उद्देशून होती. शिकविणे सुधारावे हा तिचा रोख होता. आजच्या संकेतस्थळावरचा अभिप्राय प्राध्यापकालाही उद्देशून नाही आणि विद्यापीठालाही नाही. तो पुढच्या गिऱ्हाइकासाठी आहे. वाईट शिकविणाऱ्याला सुधारण्याचा विचारच त्यात नाही. त्याला टाळून बाजूच्या वर्गात जागा मिळविली की काम झाले. त्याच्या वर्गात जे अडकले त्यांचे काय होते हे विचारण्याचे कारण उरत नाही. बहुधा रात्रपाळी करून आल्यामुळे ज्यांना नोंदणीला उशीर झाला, तेच तेथे अडकलेले असतात. आणि हे सारे लिखाण ज्याच्या मालकीचे, तो मालक विद्यापीठाशी काडीचाही संबंध नसलेला. २००७ साली हे संकेतस्थळ एम टी व्ही या मनोरंजन वाहिनीच्या महाविद्यालयीन शाखेने विकत घेतले, २०१८ साली ते पुन्हा विकले गेले. विद्यार्थ्याने फुकट लिहावयाचे, प्राध्यापकाने फुकट बोलणी खावयाची, आणि जाहिरातीचे पैसे तिसऱ्याने घ्यावयाचे, असा हा व्यवहार आहे.

आता त्या आकड्याकडे वळू, कारण सगळी गडबड त्या आकड्यात आहे. प्राध्यापकाचा आकडा ४.२ आहे की ३.१, यावरून त्याच्या अध्यापनाविषयी काय कळते? यावर अमेरिकेत भरपूर संशोधन झाले आहे. त्यातील बरेचसे विद्यापीठे स्वतः सत्राच्या अखेरीस भरून घेतात त्या अधिकृत प्रश्नावल्यांवर झालेले आहे, परंतु त्या प्रश्नावल्यांना जे लागू आहे ते निनावी संकेतस्थळाला अधिकच लागू होईल, हे उघड आहे.

सर्वांत बोलका पुरावा कोलोरॅडोतील अमेरिकन वायुसेना अकादमीचा आहे, आणि त्यावर मी थोडा वेळ घेणार आहे. तेथील विद्यार्थ्याला प्राध्यापक निवडता येत नाही. संगणक चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विद्यार्थ्यांची वाटणी करतो. पहिल्या वर्षाचे गणित सर्वांना सक्तीचे, परीक्षा सर्वांची एकच, आणि पुढच्या वर्षांचे अभियांत्रिकीचे व गणिताचे विषयही पुष्कळसे सक्तीचे. प्रयोगासाठी याहून चांगली जागा मिळणे कठीण. स्कॉट कॅरेल आणि जेम्स वेस्ट या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तेथील दहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची माहिती तपासली, आणि २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या प्राध्यापकांच्या हाताखाली विद्यार्थ्यांना त्या सत्रात चांगले गुण मिळाले, त्यांना विद्यार्थ्यांचे अभिप्रायही चांगले मिळाले होते. येथवर सारे सुरळीत आहे. परंतु तेच विद्यार्थी पुढच्या गणितात गेले तेव्हा ते इतरांच्या मागे पडले. उलट, अनुभवी आणि अधिक शिकलेल्या प्राध्यापकांच्या वर्गात त्या सत्रात गुण कमी पडले, अभिप्राय वाईट आले, आणि पुढच्या विषयात मात्र त्यांचे विद्यार्थी सरस ठरले. याचा एक सरळ अर्थ असा लावता येतो की, पहिल्या गटाने परीक्षेपुरते शिकविले आणि दुसऱ्याने विषय शिकविला. ज्याने घाम काढला त्याच्याविषयी सत्राच्या अखेरीस कोणाला प्रेम वाटणार? त्या घामाचा उपयोग दोन वर्षांनी कळतो, आणि अभिप्राय तर आधीच लिहून झालेला असतो.

हा दोष विद्यार्थ्यांच्या अपरिपक्वतेचा आहे असे समजून अध्यापकांनी खूष होऊ नये. १९७० साली कॅलिफोर्नियात काही संशोधकांनी एका नटाला ‘डॉ. फॉक्स’ म्हणून उभे केले. गेम थिअरीचा वैद्यकीय शिक्षणाशी संबंध असा भारदस्त विषय दिला, आणि परस्परविरोधी विधाने, विनोद व निरर्थक शब्दजाल यांनी भरलेले भाषण त्याच्याकडून करवून घेतले. श्रोते कोण होते? मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, अध्यापक. बहुतेकांनी भाषण आवडल्याचे लिहून दिले. तेव्हा छान बोलणारा माणूस विद्वान वाटणे हा वयाचा दोष नव्हे. (आजच्या वक्त्याविषयीही आपण ही सावधगिरी बाळगावी.) जर्मनीत तर २०१८ साली वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या काही गटांना वर्गात चॉकलेटची बिस्किटे दिली, काहींना दिली नाहीत, बिस्किटे खाल्लेल्यांनी अध्यापकाला, आणि अभ्यासाच्या साहित्यालासुद्धा, अधिक चांगले ठरविले.

बिस्किटांची गोष्ट हसण्यावारी नेता येते. पुढची नेता येत नाही. नॉर्थ कॅरोलायनातील एका विद्यापीठात इंटरनेटद्वारे चालणाऱ्या वर्गात दोन सहायक अध्यापक होते, एक पुरुष आणि एक स्त्री. प्रत्येकाने एका गटाला स्वतःच्या नावाने आणि दुसऱ्या गटाला परस्परांच्या नावाने शिकविले. विद्यार्थ्यांनी त्यांना पाहिलेले नव्हते. गृहपाठ तपासून परत देण्याची वेळ सर्व गटांना एकच होती. तरीसुद्धा ‘वेळेवर काम परत मिळते काय’ या प्रश्नावर पुरुष समजल्या गेलेल्या अध्यापकाला पाचपैकी ४.३५ आणि स्त्री समजल्या गेलेल्या अध्यापकाला ३.५५ गुण मिळाले. प्रयोग लहान होता, विद्यार्थी चाळिसाच्या वर थोडेच; त्यावरून सारे जग ठरवू नये. पण २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या आकड्यांतून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ‘वेळेवर’ हा शब्द तथ्याचा वाटतो, वस्तुतः तो मताचा आहे. ‘गृहपाठ किती दिवसांनी परत मिळाला’ असे विचारले असते तर उत्तर दिवसांत आले असते, आणि दिवस स्त्रीपुरुष पाहत नाहीत.

आता किंमत कोण मोजतो ते पाहू. अमेरिकन प्राध्यापक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कायम नोकरीतील, ज्याला तिकडे टेन्युअर म्हणतात ते संरक्षण लाभलेला, पुस्तके लिहिणारा गृहस्थ उभा राहतो. तो आता अल्पसंख्य झाला आहे. तेथील विद्यापीठीय प्राध्यापकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार, १९८७ साली सुमारे ४७ टक्के अध्यापक कायमपणाच्या कक्षेबाहेर होते. २०२१ साली ते ६८ टक्के झाले. यांतील पुष्कळांना एका विषयाचे काही हजार डॉलर मिळतात, पुढच्या सत्रात काम मिळेल की नाही हे आदल्या सत्राच्या शेवटी कळते, आणि ते देणे न देणे विभागप्रमुखाच्या हाती असते. त्या प्रमुखापुढे कागद कोणता असतो? बहुधा विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाचा. कायम प्राध्यापकाला ३.१ हा आकडा म्हणजे एक चिमटा. कंत्राटी अध्यापकाला तो घरभाड्याचा प्रश्न आहे. अशा माणसाने अवघड प्रकरण पुरते शिकवावे, आळशी निबंधाला कमी श्रेणी द्यावी, वंशभेदासारखा अप्रिय विषय वर्गात काढावा, ही अपेक्षा कोण करणार? तो श्रेणी सैल करतो. याच संकेतस्थळावरील आकड्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी २००४ सालीच दाखवून दिले होते की, ज्याला ‘सोपा’ म्हणतात त्याच्या गुणवत्तेचा आकडाही चढा असतो. आणि विद्यार्थ्याला वाटते की आपल्याला चांगला प्राध्यापक मिळाला! एका असुरक्षित माणसाने दुसऱ्या असुरक्षित माणसाला दिलेली ही सवलत आहे. दोघांनाही असुरक्षित करणारी व्यवस्था त्या वेळी वर्गात हजर नसते, म्हणून तिला कोणी गुण देत नाही.

मग बंदी घालावी काय? काही अध्यापक संघटनांचा कल तिकडे असतो. २००८ साली फ्रान्समध्ये शाळाकॉलेजांतील शिक्षकांना गुण देणाऱ्या एका संकेतस्थळावरून शिक्षकांची नावे काढून टाकण्याचा आदेश पॅरिसच्या न्यायालयाने दिला. उलट पुढच्याच वर्षी जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने तशाच एका संकेतस्थळाविरुद्ध शिक्षिकेने केलेला दावा फेटाळला, आणि मत व्यक्त करण्याचे विद्यार्थ्यांचे स्वातंत्र्य श्रेष्ठ मानले. निवड करावयाची झाली तर मी जर्मन निकालाच्या बाजूने आहे. सार्वजनिक काम करणाऱ्याने सार्वजनिक टीका सोसली पाहिजे, आणि विद्यार्थ्याचे तोंड बंद करून शिक्षकाची प्रतिष्ठा राखली जात नाही. मात्र त्या टीकेवरून कोणाची भाकरी काढावयाची काय, हा स्वतंत्र प्रश्न आहे. कॅनडातील टोरोंटो येथील तेव्हाच्या रायर्सन विद्यापीठात अध्यापक संघटनेने तो नेमका असाच लढविला. २०१८ साली लवाद विल्यम कॅप्लन यांनी निर्णय दिला की, विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाचे सरासरी आकडे अध्यापनाची परिणामकारकता मोजण्यासाठी बढती व कायमपणाच्या निर्णयात वापरू नयेत. विद्यार्थ्यांचा अनुभव म्हणून त्या अभिप्रायांचे मोल त्यांनी नाकारले नाही. हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि तो न्यायालयीन दयेने नव्हे तर संघटनेच्या चिवटपणाने मिळाला.

जो विद्यार्थी उद्या तिकडे जाणार आहे, आणि संकेतस्थळ उघडल्याशिवाय राहणार नाही, त्याला मी इतकेच म्हणेन: आकडा झाकून वाक्ये वाच. त्यांतही ‘भयंकर’, ‘देवमाणूस’, ‘कंटाळवाणा’ ही विशेषणे सोडून दे. आठवड्याला किती पाने वाचावी लागतात, परीक्षा घरी करावयाची की वर्गात, शंका विचारावयास गेले तर दार उघडे असते काय, हे लिहिलेले असेल तर ते उपयोगाचे आहे, कारण ते विद्यार्थ्याला खरोखर माहीत असते. प्राध्यापकाचे ज्ञान किती हे त्याला माहीत नसते. माहीत असते तर तो वर्गात बसलाच नसता. आणि ‘फार काम देतात’ अशी तक्रार वारंवार आढळली तर तेथून पळ काढण्यापूर्वी दोनदा विचार कर.

आपल्याकडे हा प्रश्न अजून या रूपात आलेला नाही, पण वाटेत आहे. नॅकच्या मूल्यांकनात २०१७ च्या सुधारित चौकटीपासून विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आले. खाजगी शिकवणीवर्गांत तर कोणता ‘सर’ किती मुले खेचतो यावरच त्याचा भाव ठरतो. आणि महाराष्ट्रातील महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांच्या हिशेबाने पैसे मिळविणारे हजारो अध्यापक दरवर्षी नव्या नेमणुकीची वाट पाहत असतात. त्या नेमणुकीच्या कागदाला उद्या एखाद्या संस्थाचालकाने विद्यार्थ्यांच्या गुणांचा आकडा जोडला, तर त्याला विरोध करण्याची ताकद त्या अध्यापकांत एकट्याने येणार नाही. म्हणून माझी सूचना अशी की, संस्थाचालक प्रश्नावली घेऊन येण्यापूर्वी येथील विद्यार्थी आणि अध्यापक संघटनांनी मिळून आपली प्रश्नावली तयार करावी. ती संघटनेच्या नावाने भरली जावी, तिच्यावर अध्यापकाला उत्तर देता यावे, आणि तिचा नेमणुकीशी संबंध नसावा. नॅकच्या त्या सर्वेक्षणातील पहिलाच प्रश्न, अभ्यासक्रमाचा किती भाग वर्गात शिकविला गेला, हा चांगला आहे. तो तसाच घेता येईल. मात्र त्याच्या शेजारी आणखी दोन प्रश्न घालावे लागतील. या विषयाचे पद कायमस्वरूपी भरलेले आहे काय, आणि नसल्यास ते किती वर्षे रिकामे आहे. त्यांची उत्तरे विद्यार्थ्यांना सहज मिळविता येतील. कार्यालयात जाऊन विचारावे लागेल, एवढेच.